विहीर दारात नव्हती

ओळ सुचली तेव्हा मी ठाण्याला लोकलमध्ये उभी होते. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन. अंगठ्याने टाइप केलं:

दारात एक सुकली उरली विहीर

कोकणातल्या आमच्या घराची विहीर. घर २०१९ मध्ये विकलं, पण विहीर त्याच्या आधीच गेली होती. आजूबाजूला बोअर पडत गेल्या आणि जांभ्यात खणलेल्या त्या विहिरीचं पाणी मे महिन्यात, मग एप्रिलमध्ये, मग शिमग्यालाच तळ दाखवू लागलं. शेवटच्या वर्षी तळाशी फक्त पानं होती.

ओळ वसंततिलका या वृत्तात आली होती, हे मला नंतर कळलं. बोटांवर मोजून पाहिली तर बरोबर चौदा अक्षरं. त, भ, ज, ज हे तीन-तीन अक्षरांचे गण आणि शेवटी दोन गुरू, म्हणजे लांब उच्चाराची अक्षरं. आखूड ती लघु. कान आधी जुळवतो आणि बोटं नंतर तपासतात, असं माझं नेहमी होतं. मग घरी येईपर्यंत मी तीच ओळ मनात घोळवत राहिले आणि कुठल्याशा क्षणी दोन शब्दांची अदलाबदल झाली:

दारात एक उरली सुकली विहीर

‘सुकली’ आणि ‘उरली’ दोन्ही लघु-लघु-गुरू. वृत्ताला काहीच फरक पडत नाही. कुठलाही शब्द आधी ठेवा, ओळ तितकीच शुद्ध. पण कानाला फरक पडतो. ‘उरली सुकली’ म्हटलं की त्याच्यामागून ‘उरलीसुरली’ ऐकू येतं. ताटातलं उरलंसुरलं, कपाटातलं उरलंसुरलं. मी तो शब्द लिहिलेला नाही, तरी तो तिथे आहे. पहिल्या क्रमात तो नव्हता.

मला जे सांगायचं आहे ते या दोन शब्दांच्या अदलाबदलीत आहे. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता, इंग्रजीतलं सॉनेट. ते लिहिण्याबद्दल लोक बोलतात तेव्हा वृत्त, यमक, कलाटणी यांबद्दल बोलतात. क्रमाबद्दल फार कमी बोलतात. ओळीत शब्दांचा क्रम, सुनीतात ओळींचा क्रम आणि अनेक सुनीतं झाली की त्यांचा एकमेकींशी लागणारा क्रम. गेली सहा वर्षं मी त्या एकाच घरावर सुनीतं लिहिते आहे. तेवीस झाली. ती लिहायला जितका वेळ लागला त्याहून जास्त वेळ ती लावायला लागला.

*

वसंततिलका मी निवडली त्याला एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. सुरुवातीची चार सुनीतं मी शार्दूलविक्रीडितात लिहिली होती. मराठी माणसाला सुनीत म्हटलं की तेच वृत्त आठवतं, कारण शाळेत ‘आम्ही कोण?’ पाठ केलेलं असतं. एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. भरदार चाल आहे, सभेत उभं राहून म्हणावी अशी. पण मी फोनवर लिहिते आणि फोनवरच वाचते. एकोणीस अक्षरांची ओळ त्या अरुंद पडद्यावर मावत नाही. ती मोडते आणि यतीवर मोडत नाही, कुठेही मोडते. कधी चौदाव्या अक्षरावर, कधी पंधराव्या. चौदा ओळींच्या अठ्ठावीस दिसू लागतात आणि डोळ्याला सुनीत दिसतच नाही, नुसता मजकूर दिसतो.

वसंततिलका मावते. चौदा अक्षरं, चौदा ओळी, एकूण एकशे शहाण्णव अक्षरांचा चौकोन. पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक कविता. अंगठा सरकवला की दुसरी. दोन कवितांच्या मधलं अंतर म्हणजे अंगठ्याची एक हालचाल, आणि त्या हालचालीत पहिली कविता नजरेआड झालेली असते. छापील पुस्तकात समोरासमोरच्या पानांवरच्या दोन कविता एकमेकींकडे बघत असतात. पडद्यावर तसं नसतं. मागची कविता फक्त आठवणीत असते. म्हणून मागची शेवटची ओळ आणि पुढची पहिली ओळ यांच्यात काहीतरी धागा लागतो, नाहीतर वाचणारा प्रत्येक वेळी नव्या घरात शिरल्यासारखा शिरतो.

हा धागा घट्ट करण्याची एक जुनी रीत आहे. एका सुनीताची शेवटची ओळ हीच पुढच्याची पहिली ओळ करायची, आणि शेवटच्याची अखेर पहिल्याच्या सुरुवातीला आणून मिळवायची. मी चार सुनीतांपर्यंत ते केलं. पाचव्याला जाणवलं की मी घराबद्दल लिहीत नाही, सांध्यांबद्दल लिहिते आहे. सोडून दिलं.

वृत्ताची बंधनं मात्र सोडली नाहीत. विंदा करंदीकरांनी मुक्त सुनीतं लिहिली, चौदा ओळी ठेवून वृत्ताची गाठ सैल केली. तो रस्ता मला माहीत होता आणि मोहही झाला होता. पण आमच्या घरात चौकटी बसक्या होत्या, प्रत्येक दारातून वाकून जावं लागे. त्या घरावर लिहिताना थोडं वाकावं लागणं मला योग्य वाटतं. ‘तुझ्या’ मधला ‘तु’ लघुच राहतो, कारण ‘झ्या’चा आघात मागे पोचत नाही. ‘पुण्य’ मधला ‘पु’ मात्र गुरू होतो. असल्या बारीक गोष्टींत एक संध्याकाळ जाते आणि ती संध्याकाळ वाया गेली असं मला कधी वाटलेलं नाही.

यमकाने तर एकदा माझ्याकडून खरं वदवून घेतलं. ‘विहीर’ला यमक शोधत होते. धीर, तीर, शरीर, गंभीर सगळे येऊन गेले. मग ‘उशीर’ आला आणि त्याच्या पाठोपाठ पूर्ण ओळ:

कोणी म्हणेल मजला, ‘इतका उशीर?’

ही ओळ मी ठरवून कधीच लिहिली नसती. आजी आजारी असताना मला रजा मिळाली नव्हती आणि मिळाली तेव्हा जाण्याचा उपयोग नव्हता. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. ‘मजला’ हे रूप आज कुणी बोलत नाही, एरवी मी ते टाळते. इथे ठेवलं. आजीच्या तोंडी ते असायचं.

*

मराठीत सुनीत आणणारे केशवसुत. १८९२ मध्ये त्यांनी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहिलं आणि या प्रकाराला ते ‘चतुर्दशक’ म्हणत. ‘सुनीत’ हे नाव पुढे रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या काळात रुळलं. गणपतीपुळ्याला गेलं की शेजारीच मालगुंड लागतं. तिथे त्यांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलेलं आहे. मी दोनदा गेले आहे. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आमचं घर विकून वर्षही झालं नव्हतं. त्या पडवीत उभी राहिले आणि कवितेऐवजी छपराच्या वाशांकडेच बघत बसले.

केशवसुतांबद्दल मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ही की त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने ते गेले, वय अवघं एकोणचाळीस. कविता पुढे ह. ना. आपटे यांनी पुस्तकरूपाने आणल्या. म्हणजे ज्याने आपल्याला सुनीत दिलं त्याला स्वतःच्या कविता एकापुढे एक मांडून बघायला मिळाल्याच नाहीत. कुठली पहिली, कुठली शेवटची, हे त्याने ठरवलेलं नाही.

शेक्सपिअरचंही थोडं असंच. त्याची १५४ सुनीतं १६०९ मध्ये छापली गेली. तो क्रम त्याने स्वतः लावला होता का, यावर अभ्यासक अजून भांडतात. पुढे १६४० मध्ये जॉन बेन्सन नावाच्या प्रकाशकाने ती पुन्हा काढली तेव्हा क्रम उलटापालटा केला, काही सुनीतं एकात एक जोडून लांब कविता केल्या आणि वर आपली शीर्षकं घातली. ओळी बहुतेक त्याच, पण वाचणाऱ्याच्या हाती पडलं ते दुसरंच काही.

क्रमासाठी झुरलेला कवी म्हणजे इटलीचा पेत्रार्क. त्याच्या संग्रहात ३६६ कविता, त्यातली ३१७ सुनीतं. त्याची हस्तलिखित प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. ती लिहायला त्याने एक लेखनिक ठेवला होता. तो सोडून गेल्यावर उरलेलं पेत्रार्कने स्वतःच्या हाताने लिहिलं. १३७४ मध्ये तो वारला. त्याआधी, अगदी अखेरच्या काळात, शेवटच्या एकतीस कवितांच्या समासात त्याने नवे आकडे घातले. कविता खोडल्या नाहीत, पुन्हा लिहिल्या नाहीत. फक्त बाजूला बारीक आकडे, की ही आता इथे नाही, तिथे वाचा. सत्तरीला आलेला माणूस. लौकिक मिळालेला. ती प्रत मी चित्रातच पाहिली आहे, पण ते आकडे घालणारा हात मला ओळखीचा वाटतो.

माझ्या हाताशी कॉपी आणि पेस्ट आहे. समासात आकडे घालण्याची गरज नाही, कविता उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची. हे सोपं आहे म्हणूनच अवघड आहे. १९६१ मध्ये रेमॉं क्नो या फ्रेंच लेखकाने दहा सुनीतं केली आणि प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी कापली, कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीशी जुळावी अशी. त्यातून शंभर लाख कोटी सुनीतं निघतात. मला त्या कसरतीचं कौतुक आहे, पण एकदा मी सहज हिशेब केला तेव्हा अंगावर काटा आला. पट्ट्या न कापताही, नुसती सतरा सुनीतं एकापुढे एक ठेवायची म्हटलं तर साडेतीनशे लाख कोटींहून जास्त क्रम होतात. त्यातला माझा एक.

*

पहिला क्रम मी लिहिल्या तारखांचा ठेवला. तो माझ्या मनःस्थितीचा तक्ता झाला, घराचा नाही. आधी राग, मग रडणं, मग थोडं शहाणपण. वाचणाऱ्याला माझ्या शहाणपणाशी काय करायचं आहे?

दुसरा क्रम काळाचा. पणजोबांनी जांभ्याचे चिरे आणून घर बांधलं तिथून विक्रीच्या कागदावर सह्या झाल्या तिथपर्यंत. हा क्रम इतका रीतसर होता की तिसऱ्या सुनीतालाच शेवट कळायचा. बांधलेलं घर शेवटी जाणार, हे कुणाला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या क्रमात मी सुकलेली विहीर सर्वांत आधी आणली. कोरडा तळ आधी दाखवायचा, मग मागे जायचं. म्हणजे पुढच्या प्रत्येक कवितेतलं पाणी वाचणाऱ्याला टोचत राहील. अंगणातला सडा, न्हाणीतलं घंगाळ, देवाचं तीर्थ, सगळीकडे ती कोरडी विहीर आठवेल. हा क्रम मला फार आवडला होता. मी तो दोन वर्षं तसाच ठेवला. आता झालं, असं वाटलं होतं.

मग मी ती आत्याला वाचून दाखवायचं ठरवलं.

आत्या चिपळूणला असते. त्या घरात जन्मलेली आणि लग्न होईपर्यंत वाढलेली, आता हयात असलेली ती एकटीच. डोळ्यांनी तिला वाचता येत नाही, म्हणून फोनवर. तिला वृत्तं माझ्याहून चांगली येतात. अकरावीपर्यंत शिकली, पण मास्तरांनी गण घोटून घेतलेले. ‘आहे वृत्त विशाल त्यास म्हणती शार्दूलविक्रीडित’ ती अजून चालीवर म्हणते. मी मनाची तयारी केली, पाणी पिऊन घेतलं आणि सुरुवात केली.

“दारात एक उरली सुकली विहीर...”

“थांब.”

मी थांबले.

“विहीर आपल्या दारात कधी होती गो?”

मी म्हटलं, आत्या, दारात म्हणजे तसं दारात नाही. कवितेत म्हणते आहे.

“कवितेत विहीर चालत पुढच्या दारी आली? परसात होती. फणसाच्या अलीकडे.”

मी तिला समजावू लागले. ‘परसात’ बसत नाही. लघु-लघु-गुरू-लघु होतं, आणि इथे सुरुवातीला दोन गुरू हवेत. ती गप्प होती. मला वाटलं तिला पटलं. ती मोजत होती.

“मग मागील दारी म्हण. आम्ही परस म्हणायचो तरी कुठे? मागील दारीच म्हणायचो. ‘मागील दारि उरली सुकली विहीर.’ दारि ऱ्हस्व कर. तेवढं चालतं.”

मी बोटांवर मोजलं. मा, गी गुरू, ल लघु. दा गुरू, रि लघु. पुढचं सगळं जागच्या जागी. चौदा.

सहा वर्षं मी त्या ओळीत एक खोटी विहीर बाळगली होती. वृत्तासाठी मी ती घराच्या मागून उचलून पुढे आणली होती आणि इतक्यांदा म्हटली होती की डोळे मिटले तरी मला ती अंगणातच दिसू लागली होती. ‘एक’ हा शब्दही या दुरुस्तीत गेला. तो माझा लाडका शब्द होता, ओळीतलं एकटेपण त्याच्यावर उभं आहे असं मी समजत होते. तो गेल्यावर कळलं की तो शब्द वाचणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला रडायला सांगत होता. त्याच्याशिवाय ओळ सरळ उभी राहते.

मी पुढे वाचायला घेणार तोच आत्या म्हणाली, “आणि तू आधी विहिरीवर कशी गेलीस? घरात न येता?”

*

त्या रात्री मी लॅपटॉपवर सगळी तेवीस सुनीतं उघडली आणि घरात जशी जायची तशी गेले. बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, अंगण. अंगणातून पडवी. पडवीतून दोन पायऱ्या चढून ओटी, ओटीवर झोपाळा. मग माजघर, माजघराला लागून बाळंतिणीची काळोखी खोली, पलीकडे देवघर. स्वयंपाकघर, न्हाणी. मग मागील दार.

प्रत्येक सुनीत आपापल्या खोलीत गेलं. काळ सगळा विस्कटला. आजोबा माजघरात गेले ती रात्र १९८३ ची. त्याच्या पुढची खोली बाळंतिणीची, आणि तिथलं सुनीत आत्याच्या जन्माचं, म्हणजे चाळीस वर्षं आधीचं. दोन्हींत समई आहे. हे मी लिहिताना जुळवलेलं नव्हतं. पहिल्याच्या शेवटी ती विझू नये म्हणून कुणीतरी वात सारतं आहे आणि अंगठा सरकवला की पुढच्या पहिल्याच ओळीत ती लागलेली आहे. तारखांच्या क्रमात या दोन कवितांमध्ये नऊ कविता होत्या. एका भिंतीच्या दोन बाजूंना असलेल्या गोष्टी मी एकमेकींपासून किती लांब ठेवल्या होत्या.

सुनीतात आठव्या ओळीनंतर कलाटणी येते. अष्टक एका दिशेने जातं, षट्क वळतं. मला वाटायचं की कलाटणी ही कवितेच्या आतली गोष्ट आहे. त्या रात्री ती मला उंबऱ्यावर दिसली. माजघरातून काळोख्या खोलीत पाऊल टाकताना माणूस क्षणभर थांबतो, डोळे सरावेपर्यंत. दोन सुनीतांच्या मध्ये तेवढंच थांबणं हवं होतं, आणि ते लिहून आणता येत नाही. जागेवर ठेवूनच येतं.

सहा कवितांना घरात जागा मिळाली नाही. एसटी स्टँडवरची एक होती, आजोबा पत्र्याच्या पेटीवर बसून वाट बघताहेत अशी. ती मला अजून आवडते, पण स्टँड घरात येत नाही. विक्रीच्या सह्यांची कविता रचनेच्या दृष्टीने सर्वांत निर्दोष होती, एकही ओळ हलणार नाही अशी. ती तालुक्याच्या कचेरीत घडते. ती काढताना हात अडखळला. काढली. सतरा उरली.

बंगालीत सुनीत आणणारे कवी मायकेल मधुसूदन दत्त. त्यांनी आपली बहुतेक सुनीतं लिहिली ती फ्रान्समध्ये, व्हर्सायला राहत असताना. १८६६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यात एक कपोताक्ष नदावर आहे, त्यांच्या गावच्या नदीवर. व्हर्सायच्या कारंज्यांच्या गावात बसून, पैशांची ओढाताण चाललेली असताना, त्या माणसाच्या कानात गावची नदी वाहत होती. परका चौदा ओळींचा साचा घेतला आणि त्यात घरचं पाणी भरलं. कोकणातून ठाण्याला येणं ते काय अंतर, पण मला ती कविता आठवली की बरं वाटतं.

शेवटी मागील दार उघडलं तेव्हा दोन सुनीतं उरली होती, दोन्ही विहिरीची. एक सुकलेल्या विहिरीचं. दुसरं पहाटेच्या रहाटाचं, आजी पाणी काढते आहे आणि मी अंथरुणात पडून चाकाची कुरकुर ऐकते आहे. काळाच्या क्रमात भरलेली आधी आणि कोरडी नंतर, दुसरं काही शक्यच नव्हतं. पण आता मी काळाच्या क्रमात नव्हते. मी मागील दारी उभी होते. आधी तळातली पानं दिसली. मग कान दिला.

सुकलेली विहीर सोळावी ठेवली. रहाट सतरावा.

*

गेल्या महिन्यात आत्याला सगळी सतरा वाचून दाखवली. दोन बैठका लागल्या, कारण देवघराशी ती म्हणाली की आज पुरे. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. सोळावं ऐकताना ती काही बोलली नाही. सतरावं संपलं तेव्हाही बराच वेळ काही बोलली नाही. त्या सुनीताच्या शेवटच्या ओळीत पोहरा खाली जातो आणि पाण्याला लागल्याचा आवाज येतो. तिथे मी थांबले होते.

“वर नाही काढलास?” ती म्हणाली.

“काय?”

“पोहरा. बुडाला, भरला, आणि ठेवलास तसाच आत. कळश्या रिकाम्या ठेवून आई उठायची नाही.”

चौदावी ओळ मी पुसली आहे. बाकीच्या तेरा हलवायच्या नाहीत, त्यांना हात लावण्यासारखं काही नाही. एका ओळीत पोहरा वर यायला हवा. ‘पोहरा’ म्हणजे गुरू-लघु-गुरू. वसंततिलकेत तो दोनच ठिकाणी बसतो, दुसऱ्या अक्षरापासून किंवा अकराव्यापासून. दुसऱ्यापासून ठेवला तर ओळ उघडताच तो वर आलेला असतो आणि पुढे दहा अक्षरं कशासाठी ते कळत नाही. अकराव्यावर ठेवला तर आधीच्या दहा अक्षरांत दोर ओढता येतो. मग त्याच्यामागे एकच अक्षर उरतं.